केसांना तेल लावताय? आधी गुंतवळ बघा, मग बाटली

मागच्या वर्षी माझ्या बाथरूमच्या कपाटात तेलाच्या ७ बाटल्या होत्या. कांद्याचं तेल, आर्गन, एक 'बदामाचं' (अवतरणात का ते पुढे सांगते), एरंडेल, रोझमेरीची इवलीशी बाटली, एक आयुर्वेदिक ज्याच्यावर डझनभर जडीबुटींची यादी छापलेली, आणि सगळ्यांच्या मागे आईने रत्नागिरीहून पाठवलेलं घाण्यावरचं खोबरेल, तेही अर्धं गोठलेलं. एवढं सगळं आळीपाळीने थापूनसुद्धा केस होते तसेच. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं. तेव्हा कुठे मी जरा नीट वाचायला, लोकांना विचारायला लागले आणि कळलं की मी सुरुवातच उलटी केली होती, कुठलं तेल घेऊ हा प्रश्न नंतरचा, आपल्या केसांना झालंय काय हे आधी बघायला हवं होतं.

ते बघायचं कसं? तर गुंतवळ बघून. खरंच. पुढच्या वेळी केस विंचरल्यावर कंगव्यातली गुंतवळ लगेच बोटाला गुंडाळून कचऱ्यात टाकू नका, पांढऱ्या कागदावर पसरा आणि उजेडात एकेक केस बघा. ज्या केसाच्या एका टोकाला टाचणीच्या टोकाएवढी पांढरट गाठ दिसते तो मुळापासून गळलेला. जे आखूड तुकडे आहेत, गाठबिठ काही नाही, ते मधेच तुटलेले. माझ्या कागदावर निम्म्याहून जास्त तुकडे निघाले, म्हणजे माझे केस 'गळत' नव्हते, तुटत होते, आणि मी इतकी वर्षं सगळ्यांना केसगळती म्हणून सांगत होते.

हा फरक एवढ्यासाठी महत्त्वाचा की तुटणाऱ्या केसांना तेलाचा उपयोग होतो, गळणाऱ्यांना फारसा नाही. रोजचे ५० ते १०० केस गळणं नॉर्मलच आहे आणि तुम्ही ४ दिवसांनी डोकं धुणार असाल तर त्या दिवशी ४ दिवसांचे एकदम दिसणार, त्याने घाबरू नका. पण गाठवाले केस खरोखर मूठभर निघत असतील तर मागच्या २-३ महिन्यांत काय झालं ते आठवा. मोठा ताप, डेंगी, बाळंतपण, ऑपरेशन, अति कडक डाएट, यानंतर साधारण तेवढ्याच अंतराने केस गळायला लागतात. माझ्या नणंदेचे बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात असेच जायला लागले आणि घरातल्या प्रत्येक बाईने तिला वेगळं तेल सुचवलं, शेवटी डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला आयर्नचा साठा) आणि थायरॉइड बघितलं, आयर्न कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. तेल लावत राहिली ती, पण केस गळायचे थांबले ते आयर्न भरून निघाल्यावर आणि वेळ गेल्यावर. गोल चकतीसारखा केस जाऊन डोकं गुळगुळीत दिसत असेल (आपण चाई पडली म्हणतो ते), किंवा भांग रुंद होत चालला असेल तर तेलात वेळ घालवू नका, थेट स्किनच्या डॉक्टरकडे जा.

तेल करतं काय मग

डोक्याच्या कातडीबाहेर जो केस दिसतो तो जिवंत नसतो, केराटिन नावाच्या प्रथिनाचा दोरा असतो, त्यामुळे त्याला वरून 'पोषण' देता येत नाही, जाहिरातीत काहीही म्हणोत. पण त्या दोऱ्यावर बाहेरून कौलांसारखे एकावर एक खवले असतात. केस भिजला की पाणी आत शिरतं, केस फुगतो, वाळला की आकसतो, आणि दर वेळी ही कौलं थोडी थोडी उचकटतात. कौलं निसटली की आतलं प्रथिन निघून जायला लागतं, टोकांना फाटे फुटतात, मग तुकडे पडतात. तेल आधीच लावून ठेवलं तर पाणी कमी शिरतं आणि केस केसावर घासत नाही. तेलाचं मुख्य काम हे, आणि म्हणूनच ते डोकं धुवायच्या आधी लावायचं. आज्या आदल्या रात्री तेल लावायच्या त्यात अर्थ होताच की!

खोबरेल

यात खोबरेल बाकीच्यांच्या पुढे का जातं त्याला कारण आहे. त्यात जवळजवळ निम्मं लॉरिक ॲसिड नावाचं स्निग्धाम्ल असतं, त्याचा रेणू लहान आणि सरळसोट, त्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकतं. बाकी बरीच तेलं वरच बसतात. २००३ मध्ये मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल (पेट्रोलियमपासून काढलेलं तेल) तिन्ही केसांवर लावून बघितली, तर प्रथिनं निघून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. हो, खोबरेल विकणारी कंपनीच ती, मलाही वाचताना हसू आलं, पण रेणूचं कारण पटण्यासारखं आहे.

घेताना काय बघायचं ते सांगते. साधं खोबरेल सुक्या खोबऱ्याचं असतं, व्हर्जिन म्हणून मिळतं ते ओल्या नारळाचं, दूध काढून त्यातून वेगळं केलेलं, पाण्यासारखं स्वच्छ आणि वास मंद. केसांसाठी दोन्ही चालतात, लॉरिक दोन्हीत आहे, दुप्पट-तिप्पट पैसे द्यायलाच हवेत असं मला वाटत नाही. आजकाल गल्लोगल्ली लाकडी घाणा निघालाय, तिथे स्वतः खोबरं नेऊन समोर तेल काढून घेता येतं, फक्त खोबऱ्याच्या वाट्या आधी फोडून बघा, आत हिरवट-काळी बुरशी असेल तर ते बाजूला काढा, कारण खवट खोबऱ्याचं तेल खवटच निघणार. भेसळीची शंका आली तर एफएसएसएआयनेच (सरकारची अन्नसुरक्षा संस्था) सांगितलेली घरगुती तपासणी आहे, काचेच्या ग्लासात तेल घेऊन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नाही), शुद्ध खोबरेल सगळं गोठतं, दुसरं तेल मिसळलेलं असेल तर वेगळा पातळ थर राहतो. आणि थंडीत बाटलीत तेल गोठलं म्हणून कुणी मेण घातलंय असं समजू नका, खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतंच, नाशिक-पुण्याकडे डिसेंबरात सकाळी ते दगड असतं.

जाता जाता एक गंमत. आपण पिढ्यानपिढ्या डोक्याला लावतो त्या खोबरेलाच्या बाटलीवर बरेचदा 'खाद्य तेल' लिहिलेलं असतं, कारण खाद्य तेलाला कर कमी आणि केसांच्या तेलाला जास्त होता. यावर वर्षानुवर्षं खटला चालला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की छोट्या बाटलीत आहे एवढ्यावरून त्याला केसांचं तेल म्हणता येणार नाही. नंतर सप्टेंबर २०२५ पासून केसांच्या तेलाचा जीएसटीही १८ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे 'खाद्य' लिहिलंय म्हणून मागे ठेवू नका, उलट त्यात सुगंध-रंग नसतो, चांगलंच आहे.

सगळ्यांनाच खोबरेल मानवतं असंही नाही हं. काहींचे केस त्याने उलट राठ, काथ्यासारखे वाटतात. ४-५ वेळा लावूनही तसंच होत असेल तर सोडून द्या.

बाकीची तेलं, पटकन

तिळाचं तेल: मुळात 'तेल' हा शब्दच तिळावरून आलाय. आयुर्वेदाच्या बहुतेक तेलांचा पाया हेच. खोबरेलाइतकं आत जात नाही पण डोक्याला मालिश करायला छान, कोरडी कातडी असेल तर जास्त बरं. वास सगळ्यांना आवडत नाही आणि धुवायला वेळ लागतो. कच्च्या तिळाचं घ्या, भाजलेल्या तिळाचं जे चायनीज पदार्थांत घालतात ते नको.

बदाम आणि ऑलिव्ह: दोन्ही चांगली, जरा महाग. पण 'बदामाचं हेअर ऑइल' घेताना बाटली उलटी करून घटक वाचा. घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात, पहिलंच नाव मिनरल ऑइल किंवा लाइट लिक्विड पॅराफिन असेल आणि बदाम तळाला, तर तुम्ही पॅराफिन विकत घेताय. ते विष नाहीये, केस चमकतात, गुंता कमी होतो, पण नैसर्गिक म्हणून पैसे मोजू नका. माझ्या बाटलीत असंच निघालं.

मोहरीचं तेल: उत्तरेत लावतात, आपल्याकडे सवय नाही, झोंबतं, काहींना त्याने पुरळ येतं. मी सोडून दिलं.

एरंडेल: याच्यावर जरा थांबते, कारण यूट्यूबवर बघून सगळे हेच लावतात. मधासारखं घट्ट, ८५-९० टक्के रिसिनोलिक ॲसिड. त्याने केस उगवतात असा भरवशाचा पुरावा नाही. मी एकदा तसंच, काही न मिसळता, रात्रभर लावलं, सकाळी गरम पाण्याने सगळे केस डोक्यावर घेऊन खसाखसा धुतले, आणि मागच्या बाजूला लिंबाएवढी गाठ झाली जी कंडिशनरने सुटेना, कंगव्याने सुटेना, शेवटी आईने कात्रीने कापली. नंतर वाचलं तर असे प्रकार डॉक्टरांनी नोंदवलेत, केस एकमेकांत इतके अडकतात की नमद्यासारखा गोळा होतो. (जट येते ती पण अशीच, गुंता, तेल, धूळ आणि विंचरणं बंद, त्यात देवीबिवी काही नसते.) लावायचंच असेल तर १ चमचा एरंडेलात ३ चमचे खोबरेल, आणि धुताना केस गोळा करायचे नाहीत, सरळ खाली सोडून धुवायचे.

रोझमेरी: बाटलीत मिळतं ते अत्तरासारखं तीव्र तेल, थेट कातडीला लावायचं नाही, १ लहान चमचा खोबरेलात २ थेंब बास. २०१५ च्या एका अभ्यासात १०० जणांवर ६ महिने बघितलं तेव्हा ते २ टक्के मिनॉक्सिडिलच्या (केस उगवायला डॉक्टर देतात ते औषध) बरोबरीचं ठरलं, पण एवढ्याशा अभ्यासावर नाचण्यात अर्थ नाही. कांद्याचं म्हणाल तर चाईवर कांद्याचा ताजा रस लावून बघितलेला छोटा अभ्यास आहे, बाटलीतलं सुगंधी कांदा तेल ही वेगळीच गोष्ट.

नवीन कुठलंही तेल असो, आधी कानामागे थोडं लावून २ दिवस बघा, खाज-लाली आली नाही तर मग डोक्यावर.

घरचं माक्याचं तेल

हे मात्र सविस्तर लिहिते, कारण मला हे करायला आवडतं. याने पांढरे केस काळे होतात असं मी म्हणणार नाही, पण वास, थंडावा आणि आपण काय लावतोय हे माहीत असणं, एवढं पुरतं मला.

माका ओलसर जागी, ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर पावसाळ्यात उगवतो. फूल बारीक, पांढरं. पान चुरडलं की थोड्या वेळात बोटं काळपट होतात, हीच त्याची खूण. सोसायटीच्या बागेत पिवळ्या फुलांचं पसरणारं झाड असतं त्यालाही काही जण माका म्हणतात, ते घेऊ नका. शहरात मिळत नसेल तर गणपतीच्या आदल्या दिवसांत बाजारात जा, २१ पत्रींत माका असतो, पत्री विकणाऱ्या मावशींना सांगितलं तर जास्तीचा आणून देतात.

जुनं माप असं आहे की १ भाग वाटलेला गोळा, ४ भाग तेल, १६ भाग पातळ रस किंवा काढा. घरी मी पाव लिटर खोबरेल घेते, साधारण ६० ग्रॅम माक्याचा वाटलेला गोळा आणि १ लिटर रस. रस म्हणजे माका मुळासकट ३-४ पाण्यांनी धुवून (माती भयंकर असते), पाणी घालून मिक्सरमधून काढून फडक्याने पिळून घेतलेला. हवं तर गोळ्यात मूठभर कढीपत्ता, ४ जास्वंदीची फुलं, चमचाभर भिजवलेली मेथी वाटून टाका. सगळं पंसारी दुकान टाकू नका.

कढई मोठी घ्या, तेल-रसाच्या तिप्पट जागा हवी कारण फेस वर येतो. लोखंडाची असेल तर तेल काळपट होतं, छान दिसतं, इतकंच. तिन्ही एकत्र करून मंद आचेवर ठेवायचं आणि तळ ढवळत राहायचं. पहिला दीड-दोन तास काहीच होत नाहीये असं वाटतं, नुसतं हिरवं पाणी उकळतंय. मग गोळा तळाशी बसायला लागतो, चिखलासारखा होतो, आणि नेमकं इथेच लक्ष हवं. चमच्याने थोडा गोळा काढून गार करून दोन बोटांत वळायचा, वात वळली गेली पाहिजे, बोटाला चिकटता कामा नये. ती वात गॅसवर धरायची, तडतडली तर पाणी आहे अजून, शांत जळली तर झालं. त्याच सुमारास तेलावर बारीक फेस येतो. गॅस बंद. याच्या पुढे गेलात तर गोळा करपतो आणि तेलाला जळका वास लागतो तो कायमचा.

कोमट असतानाच सुती कापडातून गाळायचं, आणि पूर्ण वाळलेल्या काचेच्या बाटलीत भरायचं. पहिल्या वर्षी मी वात न जाळता अंदाजाने उतरवलं होतं, दिसायला सुंदर हिरवं, पंधराव्या दिवशी बाटलीच्या तळाशी गढूळ थर आणि उघडल्यावर कुजकट वास. सगळं ओतून दिलं. पाण्याचा एक थेंब राहिला तरी हे होतं, म्हणून बाटलीत ओला चमचाही घालायचा नाही. थोडंच करा, ३-४ महिन्यांत संपेल एवढं, आणि कपाटात अंधारात ठेवा. खवट वास आला की डोक्याला लावायचं नाही, दाराच्या बिजागरीला घाला.

लावायचं कसं

आधी कोरड्या केसांचा गुंता मोठ्या दातांच्या कंगव्याने काढून घ्या, टोकांकडून वर येत. गुंत्यावर तेल ओतलं तर गाठ पक्की होते. तेल थंडीत गोठलं असेल तर वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवा, थेट गॅसवर नको, मनगटावर थेंब टाकून कोमट वाटलं पाहिजे.

किती? खांद्यापर्यंत केसांना २ लहान चमचे, कमरेपर्यंत ३-४. बास. शाळेत असताना आई चप्प तेल लावून दोन वेण्या घालायची आणि दुपारपर्यंत ते कपाळावर ओघळायचं, एवढ्याची गरज नसते, केस घेतो तेवढंच घेतो, बाकीचं धुताना शॅम्पू जास्त लागतो आणि त्या शॅम्पूने आपणच केस परत कोरडे करतो.

सुरुवात टोकांपासून करा. सगळे डोक्यावर ओततात आणि उरलेला हात टोकांना पुसतात, करायचं उलटं. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो, म्हणजे ४० सेंटीमीटर लांब केसाचं टोक ३ वर्षांहून जुनं झालेलं असतं, तेवढी ऊन, धूळ, इस्त्री, सगळं त्याने सोसलेलं. तळहातावर तेल चोळून केसांच्या खालच्या अर्ध्याला, बट बट घेऊन लावा. मग भांग पाडत पाडत उरलेलं बोटांच्या पेरांनी मुळाशी, नखं न लावता, ५ मिनिटं हलक्या हाताने. तळहाताने खसाखसा घासणं म्हणजे गुंतवळ तयार करायचा कारखाना.

मग सैल वेणी. घट्ट अंबाडा नको, मुळं ताणली जाऊन कपाळाकडचे केस विरळ होतात. २-३ तास ठेवलं तरी चालतं, रात्रभर ठेवायला हरकत नाही, पण कपाळावर, गालांच्या कडेला पिंपल्स येत असतील तर रात्रीचं बंद करा. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. आणि तेल लावलेल्या केसांवर स्ट्रेटनर फिरवू नका, भाजतात.

कोंडा असेल तर हे सगळं थांबवा. 'कोंडा झालाय, तेल लाव' हे घरोघरी ऐकू येतं, पण कोंड्यामागे जी बुरशी असते, मॅलसेझिया, ती तेलावरच जगते, आपण तिला पंगत वाढतो. कातडी फक्त कोरडी असेल आणि बारीक पांढरी पूड पडत असेल तर तेलाने बरं वाटेल, पण तेलकट पिवळट पापुद्रे, खाज असेल तर डॉक्टरांना विचारून किटोकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाचा शॅम्पू, ५ मिनिटं ठेवून धुवायचा. लिंबू पिळून लावू नका, खाजवलेल्या डोक्यावर आग होते नुसती.

धुताना

तेल निघत नाही म्हणून तेल लावणं सोडलेल्या मैत्रिणी आहेत माझ्या. एक युक्ती सांगते, पाणी घालायच्या आधीच, तेलकट केसांच्या लांबीला कंडिशनर चोळायचा, ५ मिनिटं थांबायचं, मग पाणी. तेल त्यात मिसळून निघून येतं. नंतर शॅम्पू मगभर पाण्यात फेटून फक्त डोक्याला, लागलाच तर दोनदा. शिकेकाई-रिठ्यावाल्यांनी ते रात्री भिजवून सकाळी उकळून गाळून घ्यावं, कोरडी पूड थेट चोळली तर भुसा केसांत अडकतो आणि डोळ्यांत गेलं तर विचारू नका. कुरळे केस असतील तर धुतल्यावर ओलसर असतानाच तेलाचे २-३ थेंब तळहाताला लावून टोकांवर फिरवा, सरळ आणि पातळ केसांनी हे करू नका, चपटे दिसतात.

पुसायला टर्किश टॉवेल नको, जुना सुती पंचा घ्या, गुंडाळून दाबायचा, झटकायचं नाही. तो पंचा आणि तेलाच्या रात्रीचा उशीचा अभ्रा वेगळेच ठेवा आणि दर आठवड्याला गरम पाण्यात साबणाने धुवा, कारण त्यातलं जुनं तेल खवट होतं आणि मग धुतलेल्या केसांना जो वास येतो त्याचं खापर आपण बिचाऱ्या नव्या बाटलीवर फोडतो.